सरळ केलेली वाट

शुक्रवारी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पुण्यातल्या नियंत्रण कक्षात फोन वाजला, तेव्हा शाल्मली खरमाटे चहात बिस्किट बुडवत होती. फोन घेणारा सहकारी जागेवर नव्हता. तिने बिस्किट तसंच बशीत ठेवून रिसीव्हर उचलला.

समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर नकाशा होता. समुद्रकिनाऱ्यापासून निघून घाट चढून देशावर आलेली गॅसची वाहिनी त्यावर पिवळ्या रेषेने दाखवली होती आणि त्या रेषेवरून हिरवे ठिपके मुंगीच्या गतीने सरकत होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. जमिनीखाली पुरलेल्या वाहिनीवरून रोज सात-आठ किलोमीटर पायी चालायचं. कुठे कुणी खणतंय का, दरड सरकलीय का, माती खचलीय का, हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. कंपनीच्या कागदांत त्यांना लाइनवॉकर म्हणत, गावांत नुसतं लाइनवाले. असे अकराशे चाळीस लाइनवाले होते.

"हॅलो, गॅसचं आपिस का?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. वाऱ्याची घरघर मध्ये येत होती. "मी यमुना भांगरे बोलते. आंबेदऱ्याची. आमचे मालक तुमच्या लाइनवर हायेत. लहानू भांगरे."

"बोला मावशी."

"त्ये कुठं हायेत ते सांगता का जरा? सोमवारी नणंदेकडं गेले. जावळ होतं तिच्या नातवाचं. चार दिस तिकडंच राहतो म्हणले, ड्यूटी तिकडूनच सुरू होती त्यांची. आज नणंदेचा फोन आला, म्हणती दादा मंगळवारपासून परत आला नाही, घरी गेला असंल असं मला वाटलं. आता मला वाटत होतं तिच्याकडं हायेत, तिला वाटत होतं माझ्याकडं." बाईंचा श्वास लागला होता. "फोन तर लागतच नाही."

शाल्मलीने नाव टाकलं. पडद्यावरचा एक ठिपका मोठा होऊन चमकू लागला. तिला हायसं वाटलं.

"मावशी, काळजी करू नका. ते कामावर आहेत. काल, परवा, सगळे दिवस आलेत. आत्ता चालतायत की! एकोणचाळीस नंबरच्या खांबाच्या पुढे आलेत. पाच-सात मिनिटांत सदतीसला पोचतील."

"सदतीसला?"

"हो. वाहिनीवर पिवळे खांब आहेत ना, त्यातला सदतीस नंबर."

"अवं मॅडम, मी त्या खांबापाशीच हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर फोनचा नंबर लिवलाय, तो बघूनच तर तुम्हाला फोन लावला. घरून चालत आले त्यांना हुडकत."

"मग थांबा तिथेच. समोरून येतील."

शाल्मलीने फोन ठेवला नाही. तिलाही बघायचं होतं. गेली चार वर्षं ती या ठिपक्यांवर काम करत होती, पण ठिपका आणि माणूस एकाच वेळी कुणाला दिसल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. ठिपका सरकत राहिला. अडतीस गेला. सदतीस जवळ आला.

"दिसतायत का?"

"नाही वो. इथून पार टेकाडापर्यंत दिसतंय. कुणी नाही."

"दोनशे मीटरवर आहेत, मावशी. नीट बघा."

"गुरंसुद्धा नाहीत."

ठिपका खांबाला टेकला. खांबाच्या खुणेवर ठिपक्याचा हिरवा रंग चढला.

"आता?" शाल्मलीने विचारलं.

"मॅडम," यमुनाबाई सावकाश म्हणाल्या, "मी खांबाला हात लावून उभी हाय. इथं माझ्याबिगर कुणी नाही."

ठिपका खांब ओलांडून पुढे निघाला. नेहमीच्या गतीने, नेहमीच्या वाटेने.

हा ठिपका कोण चालवतंय हे त्या खोलीत फक्त शाल्मलीला माहीत होतं. तो तिनेच चालवला होता.

लाइनवाल्याच्या कमरेला काडेपेटीएवढं एक यंत्र असे. ते दर सेकंदाला उपग्रहांकडून जागा टिपे. दिवसभरात एका माणसाचे वीस-बावीस हजार बिंदू व्हायचे. ही मागोव्याची फाईल पुण्याला पाठवायची तर घाटात एखाद-दुसरी उंच जागा सोडून मोबाईलला रेंज नाही. ती उपग्रहामार्फतच पाठवावी लागे, आणि उपग्रहावर कंपनीच्या वाट्याला दिवसाला आलेला वेळ एवढा तोकडा की शंभर माणसांच्या फाईलीसुद्धा त्यात बसत नसत. हे कोडं सोडवायला शाल्मलीला घेतलं होतं. तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव 'गाळणी'.

गाळणीची सुरुवात साधी होती. माणूस सरळ शंभर पावलं चालला तर पहिलं पाऊल ठेवायचं, शेवटचं ठेवायचं, मधली अठ्ठ्याण्णव टाकून द्यायची. दोन टोकं जोडली की वाट परत मिळते. वाट वळली तर वळणाचा एक बिंदू जास्तीचा ठेवायचा. माणूस रेषेपासून थोडाफार इकडेतिकडे गेला, झुडपाला वळसा घातला, बाजूला लघवीला गेला, तर ते गाळून टाकायचं. हे 'थोडंफार' म्हणजे किती ते तिनेच ठरवलं होतं. पन्नास मीटर. बावीस हजार बिंदूंचे चाळीस झाले. नकाशावर बघणाऱ्याला फरक कळत नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं की ही माणसं रोज तीच वाट चालतात. मग ते चाळीस बिंदू तरी रोज कशाला पाठवायचे? प्रत्येकाची सवयरेषा एकदा तयार करून पुण्यात ठेवली. यंत्र त्या दिवसाची वाट सवयरेषेशी ताडून बघे आणि फरक नसेल तर फक्त एक शब्द पाठवी : 'तेच'. पडदा तेवढ्यावरून अख्खा दिवस काढून दाखवी. गेल्या महिन्यात, चौथ्या आवृत्तीत, तो शब्दही काढला. फरक असेल तरच यंत्र बोलेल. गप्प असेल तर तेच आहे असं धरायचं. दऱ्याखोऱ्यांत संदेश असाही गळत होताच, आणि दर वेळी खोटी धोक्याची सूचना येऊन सगळे वैतागले होते.

तिच्या त्या प्रस्तावावर विभागप्रमुख अभिराम बोंद्रे यांची सही होती. त्यांनी पेढे वाटले होते.

"मॅडम? हायेत ना फोनवर?"

"आहे, मावशी." तिने ठिपक्यावरून नजर काढली. "मावशी, मी चुकीचं सांगितलं. ते तिथे चालत नाहीत."

"मग कुठं हायेत?"

"मला माहीत नाही."

तिला वाटलं बाई रडतील, ओरडतील. यमुनाबाईंनी तसं काही केलं नाही. "मग काय माहीत हाय ते सांगा," त्या म्हणाल्या.

शाल्मलीने लहानू भांगऱ्यांच्या नोंदी उघडल्या. मंगळवारपासून यंत्राकडून एक अक्षर आलेलं नव्हतं. त्याआधीही नव्हतं, महिनाभर यंत्र गप्पच होतं, कारण महिनाभर फरक पडला नव्हता. त्यामुळे भांगरे नक्की कधी थांबले हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. आधीच्या मूळ फाईली गाळून झाल्यावर पुसल्या जात. आठ किलोमीटर डोंगर आणि त्यात हरवलेला माणूस, एवढंच हातात होतं.

मग तिला आठवलं. तिच्या स्वतःच्या कपाटात एक डिस्क होती. चाचणीसाठी तिने जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांच्या काही लाइनवाल्यांच्या न गाळलेल्या फाईली त्यावर ठेवल्या होत्या. तिने धावत जाऊन ती आणली, लावली आणि भांगऱ्यांचं नाव शोधलं. होतं.

कच्चा मागोवा पडद्यावर उतरला. सवयरेषा तारेसारखी सरळ, आणि हा लोकरीच्या गुंड्यातून ओढून काढल्यासारखा. प्रत्येक ठेच, प्रत्येक वळसा त्यात होता. तिने नव्वद दिवसांचे नव्वद धागे एकावर एक ठेवले. आठ किलोमीटरभर ते सैलसर पसरलेले होते, फक्त एका जागी त्यांची गाठ झाली होती. खांब सदतीसच्या अलीकडे, रेषेपासून उताराच्या बाजूला अडतीस मीटरवर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज. माणूस वाहिनी सोडून तिथे उतरत होता, उभा राहत होता आणि परत वर येत होता.

अडतीस मीटर. तिची सूट पन्नास मीटरची होती.

"मावशी, खांबाकडे तोंड करून उभ्या राहिलात, तर उताराच्या अंगाला काय आहे?"

"ओघळ हाय. करवंदीच्या जाळ्या, आन् खाली एक कपार. पावसात गुराखी बसत्यात तिथं, शेकोटी करून."

"तिथे बघा. ते रोज तिथे जायचे."

"तिथं? कशापायी?"

"माहीत नाही, पण रोज जायचे."

यमुनाबाईंनी फोन कनवटीला लावला असावा. पदराची खसखस, पायाखालच्या गवताचा आवाज, मग "अवो ऽ" अशी एक लांब हाक. ती हाक दूर गेली आणि फोन तुटला. शाल्मलीने परत लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

तिने लगेच त्या भागाच्या पर्यवेक्षकाला, झाकीर पिंजारीला फोन लावला. तो राजूरला होता, गाडीने पाऊण तासावर. दोनच महिन्यांपूर्वी तो या भागात बदलून आला होता. तिने भराभर सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्यांच्या मिसेसना मी आत्ता त्या ओघळीत पाठवलंय. तुम्ही निघा."

"एक मिनिट मॅडम. रोज एकाच जागी उभा राहायचा? किती वेळ?"

शाल्मलीने आकडे पाहिले. ते तिने अजून पाहिलेच नव्हते. "दहा मिनिटं. कधी अकरा. रोज दहा-अकरा."

झाकीर काहीतरी पुटपुटला. मग जवळजवळ ओरडलाच. "बाईंना वर बोलवा! आत्ताच्या आत्ता बोलवा!"

"का? फोन लागत नाहीये..."

"मॅडम, तुम्हाला सांगितलं नाही का कुणी? आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतो त्यांना. रेंज नसते, सगळ्यांना लिहिता येत नाही. म्हणून सांगतो, लाइनवर कुठं शंका आली, गवत जळलेलं दिसलं, फुसफुस ऐकू आली, तर त्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं. मागोव्यात गाठ दिसते. पुण्यातला माणूस गाठ बघतो आणि आम्हाला पाठवतो." मागे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. "तो उभा राहून सांगत होता, मॅडम. रोज. तिथं गॅस आहे."

शाल्मलीने मान वर केली. तिच्या डोळ्यांसमोर पडदा होता आणि पडद्यावर सवयरेषेवरून हिरवा ठिपका छत्तीसच्या खांबाकडे शांतपणे चालला होता.

गाळणी लिहिताना तिने शेकडो गाठी पाहिल्या होत्या. माणूस थांबला की उपग्रहाची जागा थरथरते, एका ठिकाणी बिंदूंचा गुंता होतो. तो गुंता फाईल उगाच फुगवतो. तिच्या अहवालात त्याचं नाव 'कंप' असं होतं, आणि कंप संपूर्णपणे काढून टाकण्यात यश आलं, असं एक वाक्यही होतं. या गाठी कुणी मुद्दाम बांधत असेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

ती बोंद्रेंच्या केबिनमध्ये गेली ती दार न वाजवताच.

"सर, बेचाळीस ते तीसमधला टप्पा बंद करा. झडपा बंद करा. गळती आहे."

बोंद्रे पन्नाशीचे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी आधी आपल्या पडद्यावर दाबाचा आलेख पाहिला. "दाब तर जागच्या जागी आहे. काही पडलेला नाही."

"बारीक छिद्र असेल तर दाब पडत नाही सर, तुम्हालाही माहितीये."

"कुणी पाहिली गळती?"

"लहानू भांगरे यांनी. सप्टेंबरपासून ते रोज सांगतायत. आपण पुसत होतो." तिने एका दमात सगळं सांगितलं. ठिपका, खांबापाशी उभी असलेली बाई, गाठ, दहा मिनिटं.

"शाल्मली, तो टप्पा बंद केला तर अर्ध्या जिल्ह्याचा पुरवठा तुटतो. इस्पितळं आहेत, कारखाने आहेत. एका जुन्या फाईलवरून..."

"त्या फाईलवरून मी आत्ता एका बाईला गॅसमध्ये उतरवलंय!" ती ओरडली. बाहेरच्या खोलीतली माणसं वळून बघू लागली. "खाली कपार आहे. गुराखी तिथे शेकोटी पेटवतात. आज कुणी पेटवली तर?"

बोंद्रेंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी पुढे होऊन फोन उचलला आणि दोन ठिकाणच्या झडपा बंद करायला सांगितलं. कारण विचारणाऱ्याला ते म्हणाले, "मी सांगतोय म्हणून." पडद्यावर पिवळ्या रेषेचा एक तुकडा लाल झाला.

पुढची चाळीस मिनिटं शाल्मली यमुनाबाईंचा नंबर लावत होती. दर वेळी तीच ध्वनिमुद्रित बाई तोच निरोप सांगत होती. मध्येच तिला जाणवलं की कक्षातलं कुणीच काम करत नाहीये; सगळे पडद्याकडे बघतायत. लहानू भांगऱ्यांचा ठिपका पस्तीस नंबर केव्हाच ओलांडून, कुठेही न थांबता पुढे चालला होता.

"बंद करा तो," बोंद्रे म्हणाले.

कुणालाच तो एकटा कसा बंद करायचा ते माहीत नव्हतं.

झाकीरचा फोन आला तेव्हा दहा वाजून छप्पन मिनिटं झाली होती.

"सापडले," तो म्हणाला. धापा टाकत होता. "दोघंही. जिवंत आहेत."

शाल्मलीने ते मोठ्याने सगळ्या कक्षाला सांगितलं.

यमुनाबाई ओघळीत अर्ध्यावर उतरल्या होत्या. तिथे गवत वाळून कोळ झालेलं होतं. कपारीजवळ येताच त्यांना फुसफुस ऐकू आली. साप असेल म्हणून त्या जागीच थांबल्या आणि वरूनच हाका मारत राहिल्या. बऱ्याच वेळाने खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. लहानू कपारीच्याही खाली, पंधरा फुटांवरच्या एका टप्प्यावर पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. झाकीर पोचला तेव्हा यमुनाबाई वाऱ्याच्या अंगाला एका दगडावर बसून नवऱ्याशी बोलत होत्या. त्याने झोपू नये म्हणून त्या जावळाला कोण कोण आलं होतं ते विचारत होत्या, आणि दर प्रश्नाला खालून एकदा दगड वाजत होता.

"गॅस मोजायचं यंत्र कपारीपाशी ठेवलं तर काटा पार शेवटाला गेला, मॅडम," झाकीर म्हणाला. "लाइनचा गॅस खडकाच्या भेगांतून झिरपून कपारीच्या छतात कोंडलाय. हा हलका असतो, वर साठतो. त्यांनी आत डोकं घातलं असणार, भोवळ येऊन खाली पडले. खाली पडले म्हणून वाचले. ओघळीत पाण्याची धार होती, तीन दिवस तेवढ्यावर काढले."

"आणि त्यांचं यंत्र?"

"कमरेलाच आहे. चालू आहे. पण वर खडक, आभाळच दिसत नाही तिथून. पाठवणार कुणाला?"

दुपारी शाल्मली आणि बोंद्रे गाडीने निघाले. संगमनेरच्या इस्पितळात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. घारगावच्या पुढे बोंद्रे एकदा म्हणाले, "चौथी आवृत्ती आपण आणखी तिघांना दिली आहे. एका धरणाच्या कालव्यांवरच्या लोकांना. एका वनविभागाला. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवायला गळ्यात घालायचं पदक बनवते ती कंपनी आहे ना, त्यांना."

शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यातलं पदक. घरातल्या घरात फिरणारं माणूस, रोज तीच वाट. फरक नसेल तर गप्प.

"त्यांना फोन केलात?"

"निघण्याआधी केला. त्यांना समजायलाच वेळ लागला." बोंद्रेंनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. "मलाही लागला असता."

लहानू भांगरे साठीच्या आसपासचे वाटत होते, पण पत्रकावर वय एकावन्न लिहिलं होतं. पायाला वजन लावलेलं, ओठ फुटलेले, हाताला सलाइन. यमुनाबाई उशाशी बसल्या होत्या. शाल्मलीला बघून त्या उठल्या आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"काका, मी पुण्याच्या ऑफिसातून आले. तो मागोवा मीच..."

लहानूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांच्या नजरेत राग शोधायचा तिने प्रयत्न केला. तिथे फक्त एक कुतूहल होतं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "चौफेर हिरवंगार, आन् तेवढाच तुकडा वाळलेला. म्हटलं, हे बरं नाही. उभा राहिलो दहा मिनिटं, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी वाटलं कुणी येईल. नाही आलं. म्हटलं, आपलंच उभं राहायचं कमी पडलं असंल. दसऱ्याला पुण्याला फोन बी केला एकदा. तिकडनं साहेब बोलले, प्रेशर बरोबर आहे, तुमच्या लाइनवर काही दिसत नाही."

"मग तुम्ही आणखी खाली, कपारीत का उतरलात?"

"नुसतं उभं राहून कुणी येईना. म्हटलं जवळ जाऊन बघावं, काहीतरी घेऊन यावं हातात दाखवायला." त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. यमुनाबाईंनी चमच्याने पाणी पाजलं. "मॅडम, एक विचारू का? मी अडीच महिने उभा राहत होतो. तुमच्याकडं मी कसा दिसत होतो?"

शाल्मलीला खोटं सांगता आलं असतं.

"चालताना," ती म्हणाली. "तुम्ही तिथे कधीच थांबला नव्हतात."

लहानूंनी छताकडे नजर वळवली. यमुनाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. बोंद्रे दाराशीच उभे होते. ते आत आले नाहीत.

शनिवारी सकाळी सात वाजता शाल्मली आणि बोंद्रे दोघंही कक्षात होते. झडपा बंदच होत्या. गाळणी शाल्मलीने स्वतःच्या हाताने बंद केली होती, आणि त्याबरोबर भिंतीवरचे सगळे ठिपके गेले. अकराशे चाळीस माणसं आत्ता कुठे आहेत, ते यंत्रं बदलेपर्यंत कुणालाच सांगता येणार नव्हतं. गाळणी बंद करण्याआधी तिने एक शेवटचा हिशेब काढून पाहिला होता. गुरुवारी अकराशे चाळीसपैकी अकराशे एकतीस जणांकडून काही आलेलं नव्हतं. पडद्याच्या मते त्या सगळ्यांचा दिवस 'तेच' होता.

तिच्या डिस्कवरचे थोडे जण सोडले तर बाकीच्यांच्या जुन्या फाईली पुसलेल्या होत्या. त्यांच्यातलं कुणी कुठे किती दिवस उभं राहिलं होतं, ते आता जगातल्या कुठल्याच यंत्रात नव्हतं. होतं ते फक्त त्या त्या माणसाच्या डोक्यात. बोंद्रेंनी यादीचे दोन भाग केले. कोट खुर्चीला अडकवून त्यांनी पहिला फोन लावला. शाल्मलीने आपला भाग पुढे ओढला. पहिलं नाव भिवा तळपाडे यांचं होतं, कसाऱ्याच्या बाजूचे, नोकरीला बारा वर्षं.

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. तो माणूस जिवंत आहे, फोनवर आहे, एवढ्यानेच तिला भरून आलं.

"तळपाडे, मी पुण्याहून बोलतेय, कंपनीच्या ऑफिसातून. तुम्ही बरे आहात ना?"

"बरा हाय मॅडम. ड्यूटीलाच निघालो."

"मला एक विचारायचं होतं." तिने कोरा कागद समोर घेतला. "लाइनवर तुम्हाला कुठे शंका आली होती का? गेल्या काही महिन्यांत तुम्ही कुठे दहा मिनिटं उभे राहिला होतात का?"

पलीकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं, कुणीतरी बादली ठेवली. शाल्मली पेन धरून वाट बघत राहिली. शेजारच्या टेबलावर बोंद्रेही फोन कानाला लावून गप्प झाले होते आणि भराभरा काहीतरी लिहून घेत होते.

मग भिवा तळपाडेंनी एक दीर्घ श्वास सोडला.

"कळलं का तुम्हाला शेवटी?" ते म्हणाले. "आधी कुठल्या जागेचं सांगू, मॅडम?"